सर्वोपयोगी रॉड, नग एक

कोटेशनरावांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव दुसरंच होतं, पण ते आता पगारपत्रकावर आणि विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी विभागात त्यांनी उभी हयात घातली. चादरी, बादल्या, खाटांची चाकं, फरशी पुसायचे बोळे, घ्यायचं काहीही असो, आधी तीन दुकानांकडून कोटेशन, मग तिन्हींचा तुलनात्मक तक्ता, मग समिती आणि मग खरेदी. नियम म्हणजे नियम. बरं, हा नियम इस्पितळाच्या फाटकापाशी ठेवून माणसाने घरी यावं की नाही? नाव नको. दाढीचा ब्रश घ्यायचा तरी राव तीन दुकानांच्या पायऱ्या चढायचे. लग्नाच्या वेळीही त्यांनी तीन स्थळं पाहिली होती आणि बायको त्यातली मधली. "मधली म्हणजे नेमकी कशात मधली?" असं तिने एकदा विचारलं, तेव्हा रावांनी उत्तरासाठी मुदत मागून घेतली. ती मुदत अजून चालू आहे.

पण ही गोष्ट बायकोची नाही, तिच्या वडिलांची आहे. सासूबाई गेल्या आणि सासरेबुवांनी आपलं घर आवरून मुलीकडे मुक्काम हलवला. येताना चार कपडे, एक खूप खिशांचं जाकीट आणि एक चपटा पत्र्याचा डबा, एवढंच आणलं. बाकी सगळं वाटून टाकलं. आल्या दिवशी ते गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसले ते बसलेच. वाढलं ते खायचं, विचारलं तर 'बरंय' म्हणायचं. मुलीच्या घरी राहणाऱ्या बापाने तोंडाने काही मागू नये, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. उकडायला लागलं तरी पंखा लावा म्हणायचे नाहीत, नुसते पंख्याकडे बघत राहायचे. डॉक्टर म्हणाले, "तब्येतीला काही झालेलं नाही. पण यांना घराबाहेर काढा. माणूस असा बसून बसून संपतो." बागेत नेऊ म्हटलं तर सासरेबुवा म्हणाले, "नको, तिथे सगळे म्हातारे असतात."

"अहो, त्यांना नदीवर न्या ना," बायको एक दिवस रावांना म्हणाली. "पूर्वी ते तुम्हाला नाही का न्यायचे?"

न्यायचे खरे. नव्या नवलाईच्या दिवसांत सासरेबुवांनी जावयाला फ्लाय फिशिंगचा नाद लावून पाहिला होता. गळाला किडा लावून काठावर पेंगत बसतात, तो प्रकार वेगळा. यात पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, लांब लवचीक रॉडने दोरी हवेत मागेपुढे झुलवायची, आणि ती माशी पाण्यावर इतकी अलगद उतरवायची की माशाला ती खरीच वाटावी. मासा फसला तर उत्तम. नाहीतर मांडीएवढ्या गार पाण्यात दिवसभर उभं राहून माणूस फसतो. रावांनी एकंदर एक मासा धरला होता. ऑफिसात तो मासा दर बढतीला वीतभर वाढत गेला आणि राव खरेदी अधिकारी झाले तेव्हा तो दोन्ही हात पसरूनही दाखवता येईना. खऱ्या नदीवर मात्र त्यांनी पुढे पाऊल टाकलं नाही. संसार वाढला, वेळ आटला, नाद सुटला.

त्या संध्याकाळी जेवताना रावांनी विषय काढला. "बाबा, पुन्हा नदीवर जायचं का?"

सासरेबुवांचा हात ताटातच थांबला. "रॉड कुठाय? माझे तर मी देऊन टाकले."

"आणू की. एकच घेऊ, दोघांना चालेल असा."

"सीझन आहे अजून," सासरेबुवा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मासे अंड्यावर आले की नदी बंद करतात. त्याला वेळ आहे." आणि मग मुलीकडे वळून म्हणाले, "जरा वाढ गं आणखी."

मागून घेतलं! बायको वाढायला उठली ती डोळे पुसतच. दुसऱ्या दिवशी सासरेबुवांनी परगावी शिकणाऱ्या नातवाचा जुना रबरी चेंडू शोधून काढला आणि मनगटाला जोर यावा म्हणून तो दाबत बसले. जाकीट उन्हात टाकलं. पत्र्याचा डबा उघडून आतल्या खोट्या माश्यांची पिसं एकेक करून फुंकरीने मोकळी केली. संध्याकाळी राव ऑफिसातून आले, तर दारातच प्रश्न आला. "काय जावईबापू, आला का रॉड?"

"प्रक्रियेत आहे, बाबा," राव म्हणाले. "तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

"माझं काय, तुम्ही आणाल तो चालेल."

म्हातारबुवांनी इथे नुसता रॉडचा नंबर सांगून टाकला असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण मागायचं नाही म्हणजे नाही. आणि 'कुठलाही चालेल' हे वाक्य खरेदी विभागाच्या माणसापुढे उच्चारू नये. बाकी जगाला त्यात मोकळीक दिसते, त्याला जबाबदारी दिसते.

आता रॉडची थोडी माहिती देणं भाग आहे. या रॉडना नंबर असतात. लहान नंबरचा रॉड नाजूक, ओढ्यावरचा. मोठ्या नंबरचा दणकट, तळ्यावरचा आणि वाऱ्यातला. अधला मधला, नऊ फूट लांबीचा पाच नंबरचा रॉड सगळीकडे निभावून नेतो, यावर सगळ्या जाणकारांचं एकमत आहे. रावांना एकमताची फार धास्ती वाटायची. एकमत झालं की समितीला कामच उरत नाही, आणि ज्या खरेदीला समितीचं काम नाही, त्या खरेदीत काहीतरी पाणी मुरतंय असं त्यांचा अनुभव सांगायचा. म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर शीर्षक घातलं, 'मासेमारीसाठी सर्वोपयोगी रॉड, नग एक', आणि खाली अटी लिहायला घेतल्या.

पहिली अडचण लगेच आली. असे रॉड ठेवणारं दुकान अख्ख्या शहरात एकच होतं. एका दुकानाचं कोटेशन म्हणजे एकाच उमेदवाराची निवडणूक! रावांना ते पटणं शक्य नव्हतं. मग त्यांनी नियमाची बूज राखण्यासाठी एका खेळसामानाच्या दुकानाला आणि एका हार्डवेअरच्या दुकानालाही अटींचा कागद पाठवायचं ठरवलं. "हार्डवेअरवाला काय देणार तुम्हाला? खिळे?" बायकोने विचारलं. "तो काय देईल हा प्रश्नच नाही," राव म्हणाले. "त्याने स्पर्धेत असणं महत्त्वाचं."

कागद जाण्याआधी समिती बसली. समिती म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरसाहेब आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण राव जिन्यात सहज बोलून गेले होते, आणि जिन्यात बोललेलं सगळ्या मजल्यांचं होतं. इंजिनिअरसाहेबांनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि मासे फक्त पुलावरून पाहिले होते. त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं.

"नऊ फूट? लिफ्टमध्ये कसा नेणार? एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा हवा. आणि मजबुती? वाकता कामा नये. वाकणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही."

"साहेब, हा रॉड वाकण्यासाठीच असतो," राव दबकत म्हणाले.

"मग तो सदोष आहे. लिहा, 'वाकणार नाही.'"

काकू इतका वेळ बिस्किटांचा समाचार घेत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढी लांब वस्तू आणताच आहात, तर माझा टॉवेल तुमच्या गॅलरीखालच्या छज्ज्यावर पडलाय, तिथपर्यंत पोचेल अशी आणा ना. चांगला जाड टॉवेल आहे हो. वाऱ्याने गेला, तो रोज मला दिसतो आणि हाताला लागत नाही. जीव तुटतो अगदी."

खरं तर इस्पितळात दर विभाग असाच आपापला टॉवेल रावांच्या गळ्यात घालायचा आणि राव तो निक्षून परत पाठवायचे. पण शेजाऱ्यांना नाही म्हणायचं कसं? उद्या साखर संपली तर जायचं कुठे? शिवाय सर्वोपयोगी म्हणजे सर्वांना उपयोगी, हा तर्क रावांना नियमात बसणारा वाटला. टॉवेल अटींत गेला. त्यामागून कोळिष्टकं गेली, गच्चीच्या टाकीचं झाकण ढकलणं गेलं, गंज न चढणं गेलं, मुठीला रबर गेलं.

"रॉड मासे धरायला आणताय की बिल्डिंगीला?" बायकोने विचारलं.

"लोकसहभाग आहे," राव म्हणाले.

अशा बैठका होत राहिल्या. कधी इंजिनिअरसाहेबांना सुधारणा सुचायची, कधी काकूंना नवं काहीतरी छज्ज्यावर दिसायचं. सासरेबुवा गॅलरीत चेंडू दाबत बसलेले असायचे. बैठक संपली की विचारायचे, "आला का?" आणि राव म्हणायचे, "प्रक्रियेत आहे." एकदा तर सासरेबुवा चक्क म्हणाले, "सीझन संपत आलाय हो." त्यांनी एवढं बोलणं म्हणजे दुसऱ्याने ओरडणं होतं. पण राव तेव्हा 'पाण्याने खराब न होणारा' आणि 'पाणीरोधक' यातल्या फरकावर अडले होते.

अखेर कोटेशनं आली. ती समितीसमोर, चहाबरोबर, रीतसर उघडण्यात आली. खेळसामानवाल्याने दिलगिरी कळवली होती. रॉडच्या खऱ्या दुकानदाराने आपल्याकडच्या नऊ फुटी पाच नंबरचा भाव दिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्या बाकीच्या अटी वाचून करमणूक झाली.' आणि हार्डवेअरवाल्याने एकूण एक अटीपुढे बरोबरची खूण करून सगळ्यात कमी भाव दिला होता. वस्तू होती उंच खिडक्या पुसायची काठी.

इंजिनिअरसाहेबांनी अटींचा कागद पुढे ओढला.

"पण ही मासे धरायची नाही," राव म्हणाले.

"तशी अट कुठे आहे?" इंजिनिअरसाहेबांनी कागद चष्म्याजवळ धरला. "लांबी आहे. एकात एक सरकते. वाकत नाही. गंजत नाही. मुठीला रबर. छज्ज्यापर्यंत पोचते. मासे... मासे... नाही बुवा, अटींत मासा नाही."

"वर शीर्षकात आहे की! मासेमारीसाठी!"

"शीर्षक ही अट नसते," इंजिनिअरसाहेब म्हणाले, आणि राव वाद घालायचे थांबले. कारण हे वाक्य रावांचंच होतं. याच वाक्याने त्यांनी भल्याभल्या डॉक्टरांची तोंडं बंद केली होती. सगळ्यांनी सगळ्या अटी घातल्या आणि मासा प्रत्येकाने गृहीत धरला. आता सर्व अटी पुऱ्या करणाऱ्या, सर्वांत कमी भावाच्या माणसाला डावलायचं? कोणी विचारलं असतं? कोणीच नाही. घरची खरेदी, स्वतःचा खिसा, वर ना ऑडिट ना साहेब. पण रावांना रावांनीच विचारलं असतं, आणि त्या माणसाला तोंड द्यायची त्यांची छाती नव्हती.

काठी घरी आली. पिवळीजर्द होती. सासरेबुवांनी ती हातात घेतली, सरकवून लांब केली, आडवी धरून डोळा लावून पाहिली. राव काही सांगायला गेले, तर म्हाताऱ्यानेच त्यांना सांभाळून घेतलं. "छान आहे. मजबूत आहे," ते म्हणाले, आणि काठी भिंतीला टेकवून खुर्चीत जाऊन बसले.

बिल्डिंगीत मात्र काठीचं भाग्य उजळलं. इंजिनिअरसाहेबांच्या माळ्यावरची कोळिष्टकं निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी खिडक्या झाल्या. काकूंचा टॉवेल तेवढा ढोसला गेला पण निघाला नाही, कारण टोकाला आकडा हवा अशी अट कोणी घातली नव्हती. लोक जिन्यात रावांना थांबवून सांगायचे, "तुमची काठी फार उपयोगाची हो!" कोणी सकाळी सकाळी बेल वाजवून विचारायचं, "काठीवाले आहेत का?" इतकी वर्षं कोटेशनराव म्हणवून घेतलेल्या माणसाला एकदम काठीवाले व्हावं लागलं, आणि त्यात बढती कुठेच नव्हती.

मग रावांच्या अंगात आलं. काठी तर काठी, हिनेच मासे धरून दाखवतो, असा त्यांनी चंग बांधला. रविवारी काठी घेऊन ते गच्चीवर गेले. टोकाला लांब दोरी बांधली, दोरीला माशीच्या जागी लोकरीचा तुकडा. समिती हजर होतीच. काकूंनी तर खुर्ची आणली होती. रावांनी पवित्रा घेतला, काठी मागे नेली आणि सर्व शक्तीनिशी पुढे फेकली. दोरी गेली. लोकर गेली. त्यांच्या मागोमाग काठीची वरची नळीही सुटून गेली. ती कठड्यावरून पलीकडे गेली, सासरेबुवांच्या नाकासमोरून खाली उतरली आणि छज्ज्यावर, काकूंच्या टॉवेलावर जाऊन पडली.

आता छज्ज्यावर टॉवेल होता आणि टॉवेल काढायची काठीही तिथेच होती. काकूंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. "निदान टॉवेल उडणार तरी नाही आता," त्या म्हणाल्या.

राव अर्धी काठी घेऊन मान खाली घालून घरी आले. गॅलरीतून आवाज आला, "जावईबापू, मनगट सैल आहे तुमचं. तेव्हाही होतं." एवढंच. रावांना वाटलं आता विचारतील, आला का रॉड. पण सासरेबुवांनी पुन्हा समोरच्या भिंतीकडे तोंड केलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती चिडली की भांडी आपटायची, पण त्या दिवशी भांडी शांत होती. रावांना तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

"बाबांनी विचारणं सोडलंय," ती म्हणाली. "आलंय लक्षात? काठी आल्यापासून एकदाही विचारलं नाही. जाकीट कपाटात गेलंय. डबा मला दिला, म्हणाले, ठेव कुठेतरी. चेंडू सोफ्याखाली आहे, मी झाडताना पाहिला. ते परत त्या खुर्चीत गेलेत आणि आता ते उठायचे नाहीत. तुमचे नियम तुमच्यापाशी. मला माझा बाप नदीवर हवाय."

राव सोफ्याजवळ गेले, गुडघ्यांवर बसले आणि वाकून पाहिलं. चेंडू होता, धुळीसकट. संध्याकाळी दारातून आत येताना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, ते काय, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. समितीसमोर वाटते ती नाही, एकटं असताना वाटते ती.

पुढचा रविवार सीझनचा शेवटचा होता. आदल्या शनिवारी राव ऑफिसातून तडक येऊन म्हणाले, "बाबा, चला, जरा गाडीतून चक्कर मारू."

दुकानासमोर गाडी थांबली तशी सासरेबुवांनी पाटी वाचली आणि समोर पाहत बसले. "तुम्ही जा," ते म्हणाले. "मी इथे बरा आहे."

दुकानदार शटर अर्धं ओढून निघायच्या बेतात होता. रावांनी नाव सांगितलं, तसा तो मागे वळला आणि भिंतीकडे बोट केलं. रावांचा अटींचा कागद तिथे टाचणीने लावलेला होता. "टाकीचं झाकण ढकलण्यास योग्य," दुकानदार म्हणाला. "मन खराब झालं की मी हे वाचतो. बोला, काय पाहिजे?"

"सर्वोपयोगी..." रावांनी सुरुवात केली.

"ते झालं हो. वापरणार कोण?"

साधा प्रश्न. एवढ्या बैठका झाल्या, पण हा प्रश्न कोणी घेतला नव्हता. रावांनी काचेतून बाहेर पाहिलं. गाडीत सासरेबुवा एकटे बसले होते. डोळे समोर कुठेतरी लागले होते आणि गुडघ्यावर ठेवलेल्या उजव्या हाताचं मनगट हळूच मागे जात होतं, थांबत होतं, पुढे येत होतं. मागे, थांबा, पुढे. हातात काही नव्हतं. आपण काय करतोय हे त्यांना ठाऊक तरी होतं की नाही देव जाणे. मनगट बारीक झालं होतं, पण थांबायची जागा चुकत नव्हती.

"ते," राव म्हणाले. त्यांनी गाडीकडे बोट केलं. "ते वापरणार."

दुकानदाराने काचेतून एक नजर टाकली आणि आत जाऊन एक रॉड घेऊन आला. नऊ फुटी नव्हता, पाच नंबरचाही नव्हता. आखूड, हलका, चार नंबरचा, आणि जरा हलवला की मुठीपर्यंत वाकणारा. "म्हाताऱ्या हाताला हा त्रास देणार नाही. आणखी दोन दाखवू?"

आणखी दोन! म्हणजे तीन. रावांचं सगळं आयुष्य जिभेच्या टोकावर आलं. इस्पितळातल्या यच्चयावत चादरी आणि बादल्या त्यांच्याकडे आशेने पाहत आहेत असं त्यांना वाटलं.

"नको," राव म्हणाले. "हाच द्या." आणि विचार बदलायच्या आत पैसे काढून काउंटरवर ठेवले.

घरी आले, तर जिन्यात काकू. लांबट पिशवी पाहून त्यांचा चेहरा खुलला. "आणलात का नवीन? मग आता तेवढा टॉवेल आणि ती तुमची नळी..."

राव उत्तर जुळवत होते. तेवढ्यात सासरेबुवांनी पिशवी त्यांच्या हातातून आपल्या हातात घेतली. "नाही," ते म्हणाले. "हा माशांसाठी आहे." मुलीकडे आल्यापासून बाहेरच्या कोणाला त्यांनी ठामपणे नाही म्हणायची ही पहिलीच वेळ होती. काकू इतक्या चकित झाल्या की त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

नदीवर परवान्याची टपरी होती आणि टपरीत एक कारकून होता. त्याच्यापुढे हात टेकणं रावांच्या नशिबी होतंच. "रॉड किती? एक? मग परवाना एकाचाच. दुसरे कोण?"

"मी जावई."

"तसा रकाना नाही. 'सोबती' लिहितो. सोबत्याने रॉडला हात लावायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही. जाळी धरली तर चालेल."

दुसऱ्या कुणाला अपमान वाटला असता. रावांना त्या कारकुनाबद्दल मनापासून आदर वाटला. ते जाळी घेऊन काठावरच्या दगडावर बसले. सासरेबुवा जाकीट घालून, उथळ पाणी बघून, पाऊल चाचपत आत उतरले. पहिली फेक त्यांच्या स्वतःच्या टोपीत अडकली. दुसरी झुडपात गेली आणि डब्यातली एक जुनी माशी झुडपाने ठेवून घेतली. म्हाताऱ्याने नदीला एक ठेवणीतली शिवी दिली. ती ऐकून रावांना बरं वाटलं, कारण 'बरंय' म्हणणारा माणूस अशी शिवी देत नाही. मग हळूहळू मनगटाला आठवायला लागलं. मागे, थांबा, पुढे. दोरी हवेत उलगडली आणि माशी पाण्यावर टेकली ती आवाज न करता.

दुपार कलताना एक मासा लागला. वीतभर असेल नसेल. "जाळी! जाळी आणा! अहो तशी नाही, पाण्याखालून! इतकी वर्षं नुसत्या बादल्याच घेतल्यात का?" सासरेबुवा ओरडत होते, राव काठावरून लवत होते आणि शेवटी नियम मोडून बुटांसकट पाण्यात गेले. मासा लहान निघाला. लहान सोडून द्यायचे असतात. सासरेबुवांनी हात ओला करून तो अलगद धरला, गळ सोडवला आणि पाण्यात तसाच धरून ठेवला. "जा," ते त्याला म्हणाले, आणि तो गेला.

परतताना रावांनी विचारलं, "रॉड कसा वाटला, बाबा?"

"ओढ्याला ठीक आहे," सासरेबुवा म्हणाले. "तळ्यावर याचं काही चालायचं नाही."

रावांचा चेहरा पडला. थोडा रस्ता गेल्यावर सासरेबुवा पुन्हा बोलले. "पुढच्या सीझनला तळ्यावर जायचं. त्याला दणकट लागेल. सहा नंबरचा. आणि तुमच्यासाठीही एक. नुसतं जाळी धरून काय बसणार? मनगट सुधारायला हवं तुमचं." मग डोळे मिटत म्हणाले, "तुमचा वेग मला माहीत आहे. आत्तापासूनच लागा कामाला."

दुसऱ्या दिवशी नदी बंद झाली. संध्याकाळी राव ऑफिसातून आले, पिशवी ठेवली, बूट काढायला वाकले. गॅलरीतून रबरी चेंडू दाबल्याचा आवाज येत होता.

"काय जावईबापू," सासरेबुवांनी विचारलं, "आला का रॉड?"

स्वयंपाकघरात बायकोचा हात थांबला. राव बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. नदी पुन्हा उघडायला कित्येक महिने होते आणि म्हातारा त्याची वाट बघत बसला होता.

"प्रक्रियेत आहे, बाबा," राव म्हणाले. या वेळी त्यांना खरंच काही घाई नव्हती.